फुटलेली काच आणि तीन वह्या

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. शहापुरातील एका मंगल कार्यालयात स्नेह्यांच्या घरचे लग्न होते. आत जागा नसल्यामुळे गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावली आणि अक्षता टाकायला धावलो. मागच्या आसनावर माझी पिशवी होती. तिच्यात एक लॅपटॉप आणि बी. कॉम. तृतीय वर्षाच्या ४८ विद्यार्थ्यांच्या ऑडिटिंगच्या अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका होत्या. जेवण करून, विडा तोंडात घालून बाहेर आलो तो डाव्या बाजूच्या मागच्या दाराची काच आसनभर साखरेसारखी पसरलेली! पिशवी गायब. पुढच्या आसनावर ठेवलेला आहेराचा नारळ मात्र चोराने सोडला होता.

दुसऱ्यांचे हिशेब कसे तपासावेत हे वीस वर्षे वर्गात शिकवणारा मी. स्वतःच्या गाडीत डोळ्यांना दिसेल अशी पिशवी ठेवून जेवायला बसलो, याबद्दल घरात जे ऐकून घ्यावे लागले ते येथे सांगत नाही. पण पुढचे काही आठवडे पोलीस ठाणे, विमा कंपनीचे कार्यालय आणि आमची वसाहत अशा तीन ठिकाणी मला हेलपाटे घालावे लागले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. गाडीची काच एकदाच फुटते, पण ती तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहिली जाते. एक वही विमा कंपनीची, दुसरी पोलिसांची आणि तिसरी लोकांच्या तोंडची. या तिन्ही वह्यांतील जमाखर्च कधीच जुळत नाही. का जुळत नाही, आणि न जुळल्याने कोणाचे नुकसान होते, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

पहिली वही विमा कंपनीची. माझा विमा ‘सर्वसमावेशक’ या नावाचा. या शब्दाने माणसाची फार फसगत होते. गाडीच्या विम्यात गाडी आणि तिला जोडलेल्या वस्तू येतात. गाडीत ठेवलेले सामान येत नाही. त्यासाठी वेगळा हप्ता भरून वेगळी पुरवणी घ्यावी लागते, आणि ती मी घेतली नव्हती. म्हणजे लॅपटॉप गेला तो गेलाच. उरली काच. काचेला एक सवलत असते. दुरुस्तीत बदललेल्या रबर-प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमतच कंपनी देते, कारण ते झिजतात. काच झिजत नाही, म्हणून तिची घट धरत नाहीत. काच बसवण्याचा खर्च ३,८०० रुपये. १५०० सी.सी. पर्यंतच्या मोटारीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात. म्हणजे मला मिळाले असते २,८००.

येथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वाणिज्य शाखेची खोड! ज्या वर्षी दावा केला नाही त्या वर्षाबद्दल कंपनी पुढच्या हप्त्यात सूट देते, तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षे निर्मळ गेली की ५० टक्के. ही सूट गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या हप्त्यावर नसते. एक दावा केला की सगळी शिडी उतरून पुन्हा तळाशी. माझी चार वर्षे झाली होती, पाचवे चालू होते. दावा न केल्यास पुढे दरवर्षी ५० टक्के सूट. दावा केल्यास क्रमाने ०, २०, २५, ३५, ४५ आणि मग कोठे ५०. दोहोंतला फरक अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५; बेरीज १२५ टक्के. माझा त्या भागाचा हप्ता सूट वजा करण्यापूर्वी सुमारे ६,००० रुपये. गाडी जुनी होत जाते तसा तो उतरतो. पण तूर्त तेवढाच धरला तर २,८०० रुपये मिळवण्यासाठी मी पाच वर्षांत ७,५०० रुपये गमावणार होतो. दावा केला नाही. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतःच्या घरच्या पॉलिसीवर एकदा करून पाहावे. परीक्षेतल्या गणितांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

याचा अर्थ असा की माझ्या गाडीची फुटलेली काच पहिल्या वहीत नाहीच. त्या वहीच्या दृष्टीने मी गेली पाच वर्षे परम सुखी इसम आहे.

दुसरी वही पोलिसांची. ठाण्यातील गृहस्थ अतिशय सौजन्याने वागले. चहा मागवला. मग म्हणाले, “सर, पिशवी हरवली म्हणून लिहूया की. लगेच पावती मिळते. चोरी म्हटलं की पंचनामा, जबाब, मग कोर्टाचं बोलावणं. तुम्ही शिकवायचं सोडून इकडं येत बसणार काय?” त्यांच्या बोलण्यात खोट काढण्याजोगे काही नव्हते, आणि मी जवळजवळ मान डोलावली होती. पण ‘हरवणे’ आणि ‘चोरीला जाणे’ यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हरवल्याच्या नोंदीत गुन्हा नाही. गुन्हा नाही म्हणून तपास नाही, आणि वर्षाअखेरीच्या आकड्यातही ती घटना नाही. चोरीची फिर्याद घेतली तर प्रथम खबर अहवाल, म्हणजे आपण ज्याला एफ.आय.आर. म्हणतो तो, नोंदवावा लागतो. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होते, आणि चोरीचे कलम, जे पिढ्यान्‌पिढ्या ३७९ म्हणून सर्वांच्या तोंडी बसले होते, ते आता भारतीय न्याय संहितेत ३०३ झाले आहे. फिर्यादीला या अहवालाची प्रत फुकट मिळण्याचा हक्क जुन्या कायद्यातही होता, नव्यातही आहे.

मी शेवटी चोरीच लिहायला लावली. प्रामाणिकपणे सांगायचे तर नागरिकाचे कर्तव्य वगैरे विचार तेव्हा मनात नव्हता. ४८ उत्तरपत्रिका गेल्या हे प्राचार्यांना सांगायचे तर हातात सरकारी शिक्क्याचा कागद असलेला बरा, एवढेच डोक्यात होते. पिशवीत नुसता लॅपटॉप असता तर मी हरवल्याची पावती घेऊन घरी आलो असतो.

आणि नेमके हेच सगळीकडे घडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ साली प्रथमच एक मोठी पाहणी झाली. पोलिसांच्या नोंदी बाजूला ठेवून सामान्य लोकांच्या घरी जाऊन विचारले की, गेल्या वर्षात तुमच्याबाबतीत कोणता गुन्हा घडला आणि तुम्ही तो पोलिसांना कळवला का? अख्खी मोटार चोरीला गेलेले जवळजवळ सर्व लोक पोलिसांकडे गेले होते. मोटारीतून वस्तू गेलेले मात्र त्या मानाने पुष्कळच कमी. मोटार गेली तर विम्यासाठी पोलिसांचा कागद लागतो. पिशवी गेली तर बहुधा लागत नाही. म्हणजे पोलिसांची वही किती भरते हे पुष्कळदा विमा कंपनीचा खिडकीवरचा कारकून ठरवतो. आकडा वाढला म्हणजे चोऱ्या वाढल्या असे म्हणण्यापूर्वी विमा उतरवणारे वाढले का, हेही पाहावे लागते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता या दोन वह्यांच्या फटीत माणूस कसा सापडतो ते पाहा. आमच्या ग्रंथालयातील परिचर, ज्यांना तुम्ही सगळे मामा म्हणता, त्यांनी कर्ज काढून मोटारसायकल घेतली होती. दुसऱ्या वर्षी ती घराच्या बोळातून रात्रीत गेली. मामा निर्धास्त होते. “सर, पाच वर्षांचा विमा आहे,” असे त्यांनी मला सांगितले आणि पॉलिसी दाखवली. पॉलिसीवर पाच वर्षे लिहिलेलीच होती. पण कशाची पाच वर्षे? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा तिऱ्हाइताचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, यासाठी कायद्याने सक्तीचा केलेला हा विमा. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून छदामही मिळत नाही. चोरी ज्यात येते तो ‘ओन डॅमेज’ भाग बहुतेक नव्या दुचाकींना एकाच वर्षाचा जोडलेला असतो आणि पुढे तो दरवर्षी वेगळा नवा करावा लागतो. दोन्ही तारखा एकाच कागदावर, एका खाली एक, मुंगीच्या अक्षरात. मामांचा चोरीचा विमा सात महिन्यांपूर्वीच संपला होता. विक्रेत्याने सांगितले नाही, कंपनीने कळवले की नाही कोण जाणे, आणि मामांनी वाचले नाही. आम्ही प्राध्यापक तरी कोठे वाचतो?

कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला, नसलेल्या गाडीचे. मामा आता वडगावहून पायी येतात. हा मजकूर वाचणाऱ्या ज्या ज्या विद्यार्थ्याच्या घरी दुचाकी आहे, त्याने आज संध्याकाळी घरी जाऊन पॉलिसीवरच्या दोन तारखा पाहाव्यात. बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

मामांना मी एक मात्र सांगितले, की विमा नसला तरी फिर्याद द्या. कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. ती वापरून उद्या कोणी काही केले, कोणाला ठोकरले, तर पहिली नोटीस त्यांच्याच दारी येणार.

विमा असलेल्यांचेही सरळ पार पडते असे नाही. आमच्या पदार्थविज्ञान विभागातील एका सहकाऱ्यांची मोटार कोल्हापुरात गेली. अंबाबाईच्या दर्शनाला गेले होते. त्यांचा विमा पूर्ण होता. गाडी नवी असता जी किंमत असते तिच्यातून वयानुसार घट वजा करून जी किंमत पॉलिसीत लिहिलेली असते, तीच चोरीनंतर मिळते: सहा महिन्यांच्या आत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते कागदांचे. दोन्ही किल्ल्या, नोंदणीपुस्तक, एफ.आय.आर., वाहन कंपनीच्या नावे करून देण्याचे नमुने २८, २९, ३०, आणि शेवटी ‘गाडी सापडली नाही’ असा पोलिसांचा अखेरचा अहवाल.

या शेवटच्या कागदापाशी सीमाभागाची गंमत झाली. कंपनीच्या बेळगाव कार्यालयाने पत्रात लिहिले, ‘सी रिपोर्ट’ सादर करावा. कर्नाटकात गुन्हा घडला हे खरे पण आरोपी सापडला नाही, अशा अहवालाला सी रिपोर्ट म्हणतात. आमचे सहकारी ते पत्र घेऊन कोल्हापूरच्या ठाण्यात गेले आणि ‘सी’ द्या म्हणाले. तेथले अंमलदार त्यांच्याकडे बघतच राहिले. कारण महाराष्ट्रात तपास लागला नाही तर ‘ए समरी’ होते. तेथे ‘सी’ म्हणजे तक्रार खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली! आमचे पदार्थवैज्ञानिक स्वतःच्या तोंडाने आपली तक्रार गैरसमजाची ठरवून मागत होते. निपाणीच्या अलीकडे सी आणि पलीकडे ए, एवढे कळायला त्यांचे तीन हेलपाटे गेले. आता कोणत्याही ठाण्यात, हद्द कोणाचीही असो, फिर्याद नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवण्याची तरतूद नव्या संहितेत आहे. पण अक्षरांची ही तऱ्हा तशीच राहणार.

आणखी एक आक्षेप निघाला. त्यांनी पोलिसांत त्याच दिवशी फिर्याद दिली होती, कंपनीला मात्र नऊ दिवसांनी कळवले. ‘तात्काळ’ कळवले नाही म्हणून दावा अडला. येथे त्यांच्या उपयोगी पडला तो सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये दिलेला निकाल. ते प्रकरण चोरीस गेलेल्या ट्रॅक्टरचे होते; मालकाने पोलिसांना लगेच आणि कंपनीला ५२ दिवसांनी कळवले होते. चोरी खरी आहे हे शाबीत झाले आणि पोलिसांना ताबडतोब खबर दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या सहकाऱ्यांनी त्या निकालाची प्रत जोडून पत्र पाठवले आणि महिनाभरात पैसे आले. आले नसते तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते, आणि फी पडत नाही. हे आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे.

असो. या दोन वह्यांत निदान शाईने लिहिलेले असते. तिसरी वही तशी नाही.

माझी काच फुटली त्या रात्रीच आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला: ‘शहापुरात गाडी फोडली, सावध राहा.’ सकाळी तो दुसऱ्या गटावरून परत आला तेव्हा तीन गाड्या झाल्या होत्या. संध्याकाळी पाहुण्यांकडून हुबळीमार्गे आला तेव्हा ‘बेळगावात टोळी उतरली, एका रात्रीत अकरा गाड्या’ असे रूप होते, आणि सोबत एका फुटलेल्या काचेचे छायाचित्र, जे बहुधा या देशातलेच नव्हते, कारण सुकाणू डाव्या बाजूला होते. मी वर्गात सहज विचारले, “तुमच्या माहितीत कोणाची गाडी नुकतीच फोडली आहे?” निम्म्याहून अधिक हात वर. एकेकाला खोदून विचारले तर सात जणांची गाडी एकच निघाली, आणि ती माझी. विद्यार्थ्यांच्या आतेभावाच्या मित्राच्या सरांची गाडी म्हणून ती माझ्याकडेच परत आली होती! पोलिसांच्या वहीत एक, विम्याच्या वहीत शून्य आणि लोकांच्या तोंडी अकरा. ऑडिटर म्हणून असला ताळेबंद मी सही न करता परत पाठवला असता. पण या वहीला ऑडिटर नाही.

लोक मूर्ख आहेत असे मी म्हणत नाही. पहिल्या दोन वह्या अपुऱ्या आहेत हे लोकांना स्वानुभवाने ठाऊक असते. ‘अहो, आम्ही कुठे तक्रार केली,’ असे म्हणणारा प्रत्येकाच्या घरी एकजण असतोच. म्हणून सरकारी आकड्यावर विश्वास नाही, आणि ती रिकामी जागा अफवा भरून काढते.

या भीतीत एक ठराविक चित्र असते. ‘टोळी’ असते, ती ‘बाहेरची’ असते आणि तिचे कपडे मळके असतात. खरा चोर कसा असतो? १९६९ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी एक साधा प्रयोग केला. नंबरपाटी नसलेली, बॉनेट उघडे असलेली एक मोटार न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात रस्त्यावर सोडली आणि तशीच दुसरी कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे. ब्राँक्समध्ये दहा मिनिटांत पहिले लुटारू आले. कोण? आई, बाप आणि त्यांचा लहान मुलगा. त्यांनी बॅटरी आणि रेडिएटर काढून नेला. चोवीस तासांत घेण्याजोगे सर्व संपले. मोडतोड करणाऱ्या प्रौढांत बहुतेक चांगल्या कपड्यांतले, सभ्य दिसणारे गोरे लोक होते. पालो आल्टोची गाडी आठवडाभर कोणी शिवली नाही. मग झिंबार्डोंनी स्वतः तिच्यावर घणाचा घाव घातला, आणि येणारे-जाणारे हौसेने सामील झाले. पुढे १९८२ मध्ये विल्सन आणि केलिंग या दोघा लेखकांनी याच प्रयोगाचा आधार घेऊन ‘फुटकी खिडकी’ नावाचा प्रसिद्ध सिद्धान्त मांडला: एक फुटकी काच तशीच राहू दिली की बाकीच्या फुटतात. त्या सिद्धान्तावर पुष्कळ वाद झाले आणि त्याच्या नावाखाली अमेरिकेत गरीब वस्त्यांतल्या पोरांना क्षुल्लक कारणांवरून पकडण्यात आले, तो विषय वेगळा. मला त्यातले ते आई, बाप आणि मूलच आठवते.

दुसरे उदाहरण जर्मनीचे आहे आणि ते मला फार आवडते. पश्चिम जर्मनीत १९८० साली हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला. हेतू डोकी वाचवण्याचा. पण झाले असे की मोटारसायकलींच्या चोऱ्या घसरल्या. १९८० मध्ये वर्षाला सुमारे दीड लाख होत असत, त्या १९८६ पर्यंत ५४ हजारांच्या आसपास आल्या. कारण अगदी सोपे. उभी गाडी दिसली, मोह झाला, पळवली, असा चोर घरून हेल्मेट घेऊन निघत नाही. आणि बिनहेल्मेटचा चोर पहिल्याच चौकात पकडला जातो. त्या चोरांनी मग मोटारी आणि सायकली पळवायचा सपाटा लावला असेही दिसले नाही. म्हणजे त्या चोऱ्यांत मोठा भाग टोळीचा नव्हता, संधीचा होता. मागच्या आसनावर पिशवी ठेवून ती संधी मी दिली होती. आपल्याकडे हेल्मेट आरशाला अडकवून ठेवतात. चोराचीही सोय होते.

आता जे सांगायचे ते सांगताना मला संकोच वाटतो.

चोरीनंतर पाचव्या दिवशी वसाहतीची सभा भरली. अकरा गाड्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. भंगार आणि रद्दी गोळा करणारी मुले ‘टेहळणी’ करतात, असे कोणीतरी म्हणाले आणि त्यांना फाटकाच्या आत घ्यायचे नाही, असा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी दोन मुले आली. मोठा पंधराचा असेल. पहारेकऱ्याने अडवले, चार गृहस्थ जमले, पोती रस्त्यावर उपडी केली. बाटल्या, पुठ्ठे, एक फुटका पंखा. मोठ्याच्या कानशिलात बसली. “सरांची पिशवी कुठाय?” असे विचारत होते. मी तेथे होतो. पिशवी माझी होती. मी ‘जाऊ द्या हो’ एवढेच म्हणालो, तेही हळू.

मुलांची जात कोणती हे पहारेकऱ्याने आधी विचारले होते, ते आठवले म्हणजे इतिहासाचे पुस्तक उघडावेसे वाटते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, हजेऱ्या लावल्या. आपल्या भागातली सोलापूरची आणि हुबळीची सेटलमेंट ही त्यातलीच. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. १९८७ साली प्रसिद्ध झालेले आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. कायदा गेला, पण तिसऱ्या वहीत त्या जमातींची नावे अजून पक्क्या शाईने लिहिलेली आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. तेथे मुले पळवण्याची अफवा होती, आमच्याकडे काचा फोडण्याची. एका कानशिलावर भागले.

सभेनंतर आठवडा उलटला. एके सकाळी कार्यालयाजवळच्या चहावाल्याचा फोन आला. पिशवीतल्या कागदांवर महाविद्यालयाचा शिक्का होता, त्यावरून त्याने माझा शोध काढला होता. गेलो तर त्याने फळीखालून एक प्लॅस्टिकचे पोते काढले. आत उत्तरपत्रिका. लॅपटॉप अर्थातच नव्हता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे रस्ता झाडणाऱ्या महापालिकेच्या बाईंना गटाराच्या कडेला पिशवी सापडली होती. त्यांनी कागद वाळवून, घडी घालून घरी ठेवले. बारा दिवस ठेवले. मी भेटायला गेलो तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या. “परीक्षेचं पेपर हाय म्हणून कळलं सर, पोरं म्हणाली. टाकवेना बघा. पण नेऊन द्यायचं कुठं? चौकीत गेलं तर तुझ्याकडं कसं आलं म्हणतील की. म्हणून मग चहावाल्या अण्णांना दिलं.” मी त्यांना पैसे देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. मग पुढच्या वेळी मुलांसाठी वह्या नेल्या, त्या घेतल्या.

ठाण्यात जाऊन मी कागद सापडल्याचा जबाब दिला, आणि कोठे सापडले एवढेच सांगितले. ४८ पैकी ३१ उत्तरपत्रिका वाचता आल्या. १७ जणांची शाई उतरली होती. त्यांची चाचणी प्राचार्यांच्या परवानगीने पुन्हा घेतली, हे संबंधितांना आठवत असेलच.

वसाहतीच्या पुढच्या सभेत मी ही हकीकत सांगितली. माझी गाडी एकच, अकरा नव्हेत, हेही सांगितले, आणि ठराव मागे घ्यावा असे सुचवले. सर्वांनी शांतपणे ऐकले. “सर, तुमचं बरोबर आहे,” अध्यक्ष म्हणाले, “पण काळजी घेतलेली बरी.” ठराव कायम आहे. ती मुले त्यानंतर आली नाहीत. घरी तीन महिन्यांची रद्दी साठली आहे.